जुनी मोटरसायकल ऑइल पिते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या विदर्भाच्या खेड्यात मोटरसायकल म्हणजे घरातलं एकच वाहन राहते. फवारणीचा पंप तिच्यावर, बाजार समितीतली चक्कर तिच्यावर, रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं तर तेही तिच्यावरच. म्हणून पंधरा-वीस वर्षं चाललेली स्प्लेंडर, पॅशन, सीटी हंड्रेड नाहीतर डिस्कव्हर ऑइल प्यायला लागली की माणूस घाबरते, गॅरेजमध्ये जाते, तिथं "रिंग गेली", म्हणजे पिस्टनवरची कडी घासली, एवढं ऐकते आणि इंजिन उघडायला देऊन घरी येते. माझं म्हणणं एकच आहे भाऊ, ऑइल कुठून जाऊन राहिलं हे इंजिन न उघडता बरंचसं शोधता येते, आणि ते शोधल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका.

माही गाडी ऑइल पिते का नाही, हे पक्कं कसं ओळखू?

मोजून. दुसरा रस्ता नाही. "मागच्या महिन्यात टाकलं होतं, आता काडीला लागतच नाही" याला मोजणं म्हणत नाही, कारण मागच्या महिन्यात लेव्हल कुठं होती हेच माहीत नसते.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. सारवलेलं अंगण सपाट दिसते पण पाणी जायला त्याला उतार दिलेला राहते, त्यापेक्षा ओट्यापुढची सिमेंटची जागा बरी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग ऑइलची काडी काढून फडक्याने पुसा आणि परत टाकून पाहा. हिरो होंडाच्या १०० सीसी गाड्यांमध्ये काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची राहते, आटे फिरवून आत घातली तर ती जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. दुसऱ्या गाडीत पद्धत वेगळी असू शकते, पुस्तिकेत पाहून घ्या. आणि साइड स्टँडवर तर पाहूच नका. गाडी डावीकडे झुकते, काडी उजव्या बाजूला असली की ऑइल कमी दिसते, मग आपण वरून ओततो आणि ओव्हरफिल होऊन तेच जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा सोडणाऱ्या पाइपातून, बाहेर पडते, मग पुन्हा वाटते गाडी ऑइल पिऊन राहिली.

लेव्हल वरच्या खुणेला आणा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, ५०० किलोमीटर चालवा, पुन्हा तशाच पद्धतीनं पाहा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मोठ्या सिरिंजनं मोजून टाका. मीटर बंद असलं तरी अडत नाही, पेट्रोलवरून हिशोब करा, ५० चं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीत १० लिटर जळालं म्हणजे ५०० किलोमीटर झाले. ताज्या ऑइल बदलीनंतर मात्र आधी एकदा फिरवून आणा मग लेव्हल पक्की करा, कारण नवं ऑइल सगळीकडे पोचलं की काडीवर थोडं खाली येतेच.

किती ऑइल गेलं तर चालते?

थोडं तर प्रत्येक इंजिन खाते. बोअरच्या, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन सरकते त्याच्या, भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिलाच पाहिजे, नाहीतर पिस्टन धरून बसेल, आणि त्या थरातलं थोडं जळतेच.

पण कारचे आकडे इथं लावू नका. कारमध्ये तीन-चार लिटर ऑइल राहते, आपल्या १०० सीसी गाडीत एक लिटरच्या आसपास, म्हणून तर ९०० मिलीची बाटली विकत मिळते. माझा हिशोब असा आहे: हजार किलोमीटरला ५० मिलीपर्यंत गेलं तर जुन्या गाडीत त्याचा विचारही करू नका, १०० च्या आसपास असेल तर दर आठवड्याला काडी पाहा, आणि २०० च्या वर गेलं की कारण शोधून काम करावं लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा वाढून राहिला का. दोन वर्षांपासून ८० वर थांबलेली गाडी आणि दोन महिन्यांत ४० वरून १२० वर गेलेली गाडी, यातली दुसरी आधी दाखवा.

या गाड्यांना ऑइलची लाइट राहत नाही हे लक्षात असू द्या. लेव्हल पार खाली गेली तरी गाडी काही सांगत नाही, वरून हेडमधून टरटर आवाज यायला लागते तोवर व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर घासलेले राहतात, आणि क्रँकचं बेअरिंग गेलं तर खर्च ब्लॉक (ज्यात बोअर असते तो भाग) आणि पिस्टनच्या पुढे जाते.

धूर तर काहीच दिसत नाही, मग ऑइल जाते कुठं?

दोन गोष्टी. एक म्हणजे थोडं जळणारं ऑइल डोळ्यांना दिसतच नाही. हजार किलोमीटरला १०० मिली म्हणजे एका किलोमीटरला साधारण दोन थेंब, त्याचा काय धूर दिसणार. दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच आधी पाहायची, ती म्हणजे लीकेज.

लीकेज म्हणजे गाडीखाली डबकं पाहिजे असं लोकांना वाटते. तसं नाही. बरीच लीकेजेस फक्त इंजिन चालू असतानाच होतात, बंद गाडीखाली एक थेंब पडत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर आणखीनच कठीण, कारण ऑइल आणि माती मिळून इंजिनवर जाड काळा थर बसते आणि तो कधीचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी इंजिन धुवा. थंड असताना डिझेल लावून ब्रशनं घासा, पुसा, पूर्ण वाळू द्या, मग सांध्यांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरून टाका आणि आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. जिथं पावडर ओली झाली तिथं पाहा. हवा ऑइलला मागं आणि खाली ढकलते, म्हणून ओल्या पट्ट्यात सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग म्हणजे खरं ठिकाण.

नेहमीची ठिकाणं म्हणजे टॅपिट कॅपची ओरिंग, ब्लॉकखालची पॅकिंग, टायमिंग चेनच्या टेन्शनरचा बोल्ट, गिअरच्या शाफ्टचं सील, किकच्या शाफ्टचं सील, आणि ड्रेन बोल्टचं वॉशर. ड्रेन बोल्टचे आटे चुकीच्या पान्यानं गेलेले असले तर तिथून झिरपत राहते आणि लोक वरून टेप गुंडाळून चालवतात, तसं नका करू, लेथवाल्याकडून आटे नवीन करून घ्या.

आता एक ठिकाण जे कोणी पाहतच नाही: पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील. डावीकडचं स्प्रॉकेटचं कव्हर काढा. आत चेनचं ग्रीस, चिखल आणि ऑइल मिळून काळा लगदा भरलेला दिसेल आणि मिस्त्री म्हणेल हे तर चेनचं ग्रीस आहे. तो लगदा खरडून काढा, कापडानं स्वच्छ पुसा, कव्हर लावून दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि परत उघडा. चेनचं ग्रीस काळं आणि चिकट राहते, इंजिनचं ऑइल पातळ आणि तपकिरी, आणि ते स्प्रॉकेटच्या मागून, शाफ्टच्या भोवतून आलेलं दिसते. सील काही फार महाग येत नाही आणि बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेट काढून बाहेरूनच बदलता येते, इंजिन फाडायचं काम नाही. फक्त सील टाकण्याआधी स्प्रॉकेट धरून वर-खाली हलवून पाहा, शाफ्ट ढिला लागला तर आतलं बेअरिंग गेलेलं आहे आणि नवं सील महिनाभरही टिकणार नाही.

लीकेज नाही सापडलं तर ब्रीदरचा पाइप पाहा. इंजिनच्या पोटातली हवा त्या पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जाते. डब्याच्या तळाशी ऑइल जमलं असेल, फिल्टर ऑइलनं भिजला असेल, तर एक तर ऑइल जास्त भरलेलं आहे नाहीतर रिंगवरून गॅस खाली उतरून ऑइलला बाहेर ढकलून राहिला.

धूर पाहून काय कळते?

रंग पाहा, पण त्याच्यापेक्षा वेळ पाहा. रंगाचं थोडक्यात सांगतो. निळसर, जळक्या तेलाच्या वासाचा धूर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, त्यात ऑइलचा संबंध नाही, चोक राहिला असेल, फिल्टर बुजला असेल, कार्बोरेटर पाहा. आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ, जी दोन फुटांवर हवेत विरून जाते, ती वाफच आहे, तिच्यासाठी कोणी इंजिन उघडायला सांगितलं तर गाडी घेऊन परत या.

आता वेळ. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली, एक मोठा निळा भपका आला आणि मग साफ झालं, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल उतरू न देणारी रबरं, कडक झालेली आहेत, रात्रभरात ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून हळूहळू उतरलं आणि चालू केल्याबरोबर जळालं. चालू असताना तुम्ही थ्रॉटल पूर्ण सोडला आणि गाडी गिअरमध्येच उतारावरून खाली येऊ दिली, आणि खाली येऊन थ्रॉटल पिळल्याबरोबर मागं निळा ढग, तर तेही व्हॉल्व्ह सील आणि गाइडकडेच (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकते ती) बोट दाखवते. कारण थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरून राहिलं म्हणजे आत जोराचा व्हॅक्यूम तयार होते, तो गाइडमधून ऑइल ओढते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरणाऱ्यांना ही टेस्ट आपोआप होते, बाकी आपला सगळा भाग सपाट, तेव्हा रेल्वेच्या उड्डाणपुलाचा उतार वापरा.

उलट, चढावर, डबल सीट, मागं पोतं, थ्रॉटल पिळलेला आणि त्याच वेळी धूर जास्त, सोडला की कमी, तर रिंग आणि बोअरचं काम दिसते. आणि गरम-थंड, चढ-उतार काहीच न पाहता सतत धूर मारत असेल, पिकप गेला असेल, तर बोअर बऱ्यापैकी घासलेला आहे असं धरून चाला.

धूर पाहायची वेळ संध्याकाळची. स्वतः गाडीवर बसून मान वळवून पाहू नका, मागून दुसऱ्या गाडीवर भाऊ नाहीतर मित्र हेडलाइट लावून येऊ द्या, त्या उजेडात हलका धूरही दिसते आणि कोणत्या वेळी आला हे तो सांगू शकते.

प्लग काढून पाहिला तर काही समजते का?

समजते, पण त्याच्यावर निकाल देऊ नका. कोरडी काजळी हाताला पावडर लागते तशी असेल तर मिश्रण रिच, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. ओली, चकचकीत, बोटाला तेल लागणारी काळपट असेल तर ऑइल वर येऊन राहिलं. कुठून येते, रिंगमधून की गाइडमधून, हे प्लग सांगत नाही.

मिस्त्री म्हणते रिंग गेली. उघडायच्या आधी काय करायले सांगू?

कॉम्प्रेशन मीटर लावायला सांगा, बोअरमध्ये हवा किती दाबली जाते ते त्यावर दिसते. तालुक्याच्या गावी एखाद्याकडे तरी राहते. किक मारून पायाला किती कडक लागते यावरून सांगणारे पुष्कळ आहेत, जुन्या मिस्त्र्यांचा पाय खरंच तयार असते, पण पाय दोन आकड्यांमधला फरक सांगत नाही आणि आपल्याला फरकच पाहिजे.

इंजिन गरम करा, चावी बंद, प्लग काढा, मीटर लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत जोरात किक मारा. आकडा लिहा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलं तर हवा आतच येत नाही आणि चांगल्या इंजिनचाही आकडा खाली दिसते, ही चूक फार होते. मग प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीच्या आसपास इंजिन ऑइल टाका, दोन-तीन किक मारून पसरू द्या आणि परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंग-बोअरमधून कॉम्प्रेशन जाऊन राहिलं, कारण ऑइलनं थोड्या वेळासाठी ती फट बुजवली. आकडा तिथल्या तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही नाहीतर हेडची पॅकिंग गेली.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ब्लॉक जवळजवळ आडवा राहते, त्यामुळं टाकलेलं ऑइल खालच्या बाजूला जमते आणि वरच्या बाजूच्या रिंगला नीट पोचत नाही. म्हणून अशा गाडीत आकडा थोडाच वाढला तरी रिंग चांगली आहे असं समजू नका, आकडा मोठा वाढला तर मात्र रिंग-बोअरवर शंका पक्की.

आता जे सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे ते. कॉम्प्रेशन चांगलं असूनही गाडी ऑइल पिऊ शकते. पिस्टनवर तीन रिंग राहतात, कॉम्प्रेशन धरायचं काम मुख्यतः वरच्या दोन रिंगचं, तिसरी ऑइल रिंग बोअरवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते. ही ऑइल रिंग कार्बननं जाम झाली, जे ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत नेहमी होते, तर मीटर ठणठणीत दाखवते आणि ऑइल जातच राहते. व्हॉल्व्ह सीलचंही तसंच, ते गेले तरी कॉम्प्रेशनला काही होत नाही. म्हणजे मीटर चांगलं आलं तर धुराच्या वेळेकडे परत या: सकाळी आणि उतारानंतर धूर असेल तर फक्त हेड खोलून सील बदलायचे, लोडवर असेल तर ऑइल रिंग.

अजून एक सोपी गोष्ट, गरम इंजिन स्लोवर ठेवून ऑइलच्या झाकणाचे आटे सावकाश ढिले करा. हलका फुसफुस वारा सगळ्याच गाडीत येते. धुरासकट जोरात भकभक आली तर गॅस रिंगवरून खाली उतरून राहिला. तोंड आणि हात दूर ठेवा, ऑइल उडते.

नुसती रिंग टाकून भागते का? बोअरचे पैसे वाचतील म्हणून विचारतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते आणि याच्यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून नीट सांगतो.

रिंग टाकायची की बोअर करायचा, म्हणजे नळकांडं लेथवर थोडं मोठं करून मोठा पिस्टन टाकायचा, हे ब्लॉक मोजल्यावर ठरते, खिशावरून ठरवलं तर दोनदा खर्च होते. जुनी रिंग काढा, बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ बसवा आणि रिंगच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजा. ५० मिलिमीटर बोअरच्या इंजिनात, म्हणजे स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनात, नव्या रिंगची फट साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर राहते, अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली की ती रिंग संपली. पण खरी परीक्षा पुढं आहे: नवी रिंग त्याच बोअरमध्ये ठेवून मोजा. नव्या रिंगचीही फट जास्त आली तर बोअर मोठा झालेला आहे. हिशोब असा की बोअरचा व्यास ०.१ मिलिमीटर वाढला तर परिघ ०.३१ मिलिमीटर वाढते, आणि तेवढीच रिंगची फट वाढते. म्हणजे हाताला न जाणवणारी झीजसुद्धा नवी रिंग निकामी करून टाकते.

दुसरं पाहा, बोअरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवा. रिंग जिथपर्यंत जाते तिथं नखाला पायरी अडकली तर बोअर घासलेला आहे. उभे ओरखडे नखाला लागत असतील तर रिंगचा विषयच संपला. बोअर घासते तोही गोल घासत नाही, पिस्टन ज्या बाजूला रेटते तिकडं जास्त जाते, लंबगोल होते, आणि गोल रिंग लंबगोल बोअरमध्ये कशी बसणार. म्हणून लेथवाल्याकडे बोअर गेज असेल तर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून घ्या.

पायरी नाही, ओरखडे नाहीत, नव्या रिंगची फट बरोबर, पिस्टनला मार नाही, मग बिनधास्त रिंग टाका, फक्त बोअरला होन मारून घ्या म्हणजे गुळगुळीत काच झालेल्या भिंतीवर बारीक आडव्या-तिडव्या रेषा येतात आणि नवी रिंग तिथं बसते.

बोअर करायचाच असेल तर ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे येतात. पिस्टन आधी विकत घ्या आणि तोच लेथवाल्याच्या हातात द्या, त्यानं तो पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याच्या मापाचा बोअर करायचा. पिस्टन आणि भिंतीमधली जागा काही शतांश मिलिमीटरचीच राहते, कमी ठेवली तर मे महिन्याच्या उन्हात पिस्टन धरते, जास्त ठेवली तर पहिल्या दिवसापासून खडखड. ब्लॉक-पिस्टनचं तयार किट मिळते, चांगल्या कंपनीचं असेल तर घ्या, पण नाव-गाव नसलेल्या स्वस्त किटपेक्षा तुमच्या मूळ ब्लॉकला चांगल्या हाताचा बोअर मला जास्त भरवशाचा वाटते. हेड खुललंच आहे तर व्हॉल्व्ह सील बदलाच, गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहा, ढिला असेल तर गाइडही, आणि टायमिंग चेन लांबली असेल तर तीही. हे त्याच मजुरीत होते.

बोअर करून महिना झाला, पुन्हा ऑइल पिऊन राहिली. असं काहून?

तीन कारणं मी वारंवार पाहतो. पहिलं, बोअर-होन केल्यावर ब्लॉक नीट धुतला नाही. होनच्या दगडाची बारीक पूड त्या रेषांमध्ये अडकून राहते, पेट्रोलनं धुतली तर वरची जाते, आतली तशीच. गरम पाणी, कपड्याची साबण पावडर आणि ब्रश घेऊन घासावं लागते, मग पांढरं सुती फडकं बोअरमध्ये फिरवून पाहा, फडकं राखाडी निघालं तर परत धुवा, पांढरं निघेपर्यंत धुवा, आणि वाळल्याबरोबर ऑइलचा हात फिरवा नाहीतर लगेच गंज धरते. दहा मिनिटांचं काम आहे, ते नाही केलं तर ती पूड नव्या रिंग खाऊन टाकते. गॅरेजमध्ये उभं राहून हे फडकं स्वतः पाहा, मिस्त्रीला राग आला तरी चालेल.

दुसरं, रिंग उलटी बसली. रिंगवर खूण किंवा अक्षर राहते, ते वरच्या बाजूला पाहिजे. आणि तिन्ही रिंगची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत, १२० अंशांवर फिरवून ठेवायची.

तिसरं, चालवणं. बोअर झाल्या-झाल्या कोणी तीन जण बसवून लग्नाला जाते, कोणी घाबरून महिनाभर २० च्या स्पीडनं गाडी ढकलते. दोन्ही वाईट. पहिले ५०० किलोमीटर ४०-५० च्या आत चालवा पण स्पीड बदलत राहा, थोडा पिकप द्या, सोडा, पुन्हा द्या, एकाच स्पीडवर लांब जाऊ नका, लोड टाकू नका, उभ्या जागी तासभर चालू ठेवू नका. ५०० ला ऑइल बदला, त्यात धातूची बारीक पूड राहते. नवीन रिंग बसेपर्यंत थोडं ऑइल जाईल, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा आणि मग बोला.

आपल्याच भागात बोअर इतक्या लवकर जाते काहून?

धूळ. वावराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून गाडी चालवा आणि घरी आल्यावर अंगावरचा शर्ट पाहा, तेवढीच धूळ गाडीनंही ओढलेली राहते. वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाची धूळ, हिंगणघाटकडे सीझनमध्ये जिनिंगजवळ कापसाचे तंतू फिल्टरवर गच्च बसतात. फिल्टर फाटका असेल, त्याच्या डब्याचं झाकण नीट बसत नसेल, डबा आणि कार्बोरेटरमधलं रबर चिरलेलं असेल, तर ती धूळ सरळ बोअरमध्ये जाते. फिल्टर काढूनच गाडी चालवणारे आहेत, पिकप वाढते म्हणतात. एका पॅशनला रिंगा टाकल्या होत्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा धूर, ब्लॉक चांगला, रिंग चांगल्या कंपनीच्या, शेवटी कार्बोरेटरमागचं रबर वाकवून पाहिलं तर घडीत बोटभर चीर आणि आत लाल मुरमाची धूळ. ते रबर आधी पाहिलं असतं तर रिंगा वाचल्या असत्या.

फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवा, पिळा, वाळवा, ऑइलचा हलका हात देऊन परत लावा. चिकट ऑइल लावलेला कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही आणि हवा मारून साफही करायचा नाही, खराब झाला की बदलायचा. कंपनी जेवढ्या किलोमीटरला सांगते त्याच्या निम्म्यात बदला, धुळीच्या रस्त्याला तेच बरोबर आहे.

दुसरं कारण उष्णता. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या, आणि पावसाळ्यात ब्लॉकच्या पट्ट्यांमध्ये बसलेली काळी माती उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते. वाळून दगड होते. हवा जायला जागाच नाही मग ऑइल पातळ पडते, लवकर जळते, सील कडक होतात. पोळ्याला आपण बैल धुतो तेव्हा गाडीही धुवा आणि लाकडी काडीनं पट्ट्यांमधली माती काढा, स्क्रूड्रायव्हरनं नको, पट्टी तुटते.

जाड ऑइल टाकलं तर थांबते का? ट्रॅक्टरचं टाकू का?

जाड ऑइलनं कमी होते, थांबत नाही. हिरोच्या १०० सीसीला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, घासलेल्या इंजिनात उन्हाळ्यात त्याहून जाड २०डब्ल्यू-४० टाकलं तर खाणं थोडं घटते आणि मला त्यात चूक वाटत नाही. पण हे इंजिन सुधारणं नाही, दिवस काढणं आहे. बाटलीवर जासो एमए (JASO MA) किंवा एमए२ (MA2) लिहिलेलं पाहा, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला राहते, कारचं घसरट ऑइल टाकलं तर क्लच स्लिप मारते.

ट्रॅक्टरचं ऑइल नेहमीसाठी नाही. वावरात काडी कोरडी दिसली आणि दुसरं काहीच नाही, तर घरी येण्यापुरतं तेच टाका, कोरडं चालवण्यापेक्षा हजार पट बरं, आणि घरी येऊन बदला. धूर बंद करायची औषधं बाटलीत मिळतात, त्यावर पैसे घालू नका, तेवढ्यात व्हॉल्व्ह सील येतात.

ऑइल कमी नाही, उलट लेव्हल वाढून राहिली. हे काय?

लगेच थांबवा. काडीचा वास घ्या, पेट्रोलचा आला तर कार्बोरेटरची सुई धरत नाही आणि पेट्रोल इंजिनमध्ये उतरून राहिलं. असं पातळ ऑइल बोअर घासून टाकते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर नाल्याच्या पुरातून गाडी काढताना पाणी गेलं. दोन्हीत कारण दुरुस्त करा, ऑइल पूर्ण बदला, पाणी असेल तर थोडं चालवून पुन्हा बदला.

आरएक्स १०० आणि राजदूत धूर मारतात, त्यांचं काय? जुन्या बुलेटचं?

आरएक्स आणि राजदूत टू-स्ट्रोक, त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच राहते, तो दोष नाही. जुनी कास्ट आयर्न बुलेट बरेच दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतून खाली क्रँकमध्ये उतरते, काडी कोरडी दिसते आणि लोक वरून भरतात. आधी चालू करून थोडी चालवा, मग लेव्हल पाहा.

सेकंडहँड घेऊन राहिलो, दहा मिनिटांत काय पाहू?

मालकाला आधीच सांगा की गाडी रात्रभर थंड पाहिजे, मी येऊन चालू करीन. तुम्ही पोचलात आणि सायलेन्सर गरम असेल तर सकाळचा भपका लपवला गेला असं समजा. सायलेन्सरच्या तोंडात आत बोट फिरवा, तेलकट काळं लागलं तर ऑइल. इंजिन नुकतंच धुवून चकचकीत केलं असेल तर लीकेज दिसणार नाही, तेव्हा पाच-सात किलोमीटर चालवा आणि मग खाली वाकून पाहा. काडीवर ऑइल शहदासारखं घट्ट वाटलं तर धूर दाबायला जाड टाकलेलं असू शकते. फिल्टरचा डबा उघडून दाखवा म्हणा, तेवढ्याशा गोष्टीला मालक नाही म्हणाला तर दुसरी गाडी पाहा.

कापूस विकेपर्यंत पैसे नाही. तोवर कशी चालवू?

चालवा, पण नियमानं. दर रविवारी काडी, आणि लांब जायचं असेल तर निघायच्या आधी पुन्हा. डिक्कीत नाहीतर साइड बॉक्समध्ये ऑइलची अर्धी बाटली ठेवा. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये असेल तोवर इंजिनचं फारसं वाईट होत नाही, खालच्या खुणेखाली एकदाही जाऊ देऊ नका. तिप्पल सीट आणि ७० च्या वरचा स्पीड बंद. वरून टाकत राहिलात म्हणून ऑइल बदली चुकवू नका, टाकलेलं ऑइल जुन्यातच मिसळते, घाण तशीच राहते. आणि दर वेळी किती टाकलं ते तारखेसकट घरातल्या कॅलेंडरवर लिहा, दिवाळीनंतर मिस्त्रीकडे जाल तेव्हा ते पान फाडून सोबत न्या, त्याच्यावरून त्याला अर्धं निदान तिथंच करता येईल.